‘कळतं की!’ म्हणजे नेमकं काय कळतं? टॅकोमीटर नसलेली मोटारसायकल आणि ज्ञानाचा प्रश्न



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, सरांनी निवृत्तीनंतर गॅरेज काढलं की काय. तसं काही नाही. गेल्या खेपेला आपण प्रमाणांविषयी बोललो होतो. एखादी गोष्ट आपल्याला ‘माहीत आहे’ असं आपण म्हणतो, ते कशाच्या जोरावर, हा तो विषय. व्याख्यान संपल्यावर एक तरुण श्रोता जिन्यात भेटला. वडिलांची जुनी शंभर सीसीची मोटारसायकल त्याने नुकतीच चालवायला घेतली होती. तो म्हणाला, “सर, गाडीला आरपीएम मीटर नाही. गिअर नेमका कधी बदलायचा? गॅरेजवाल्याला विचारलं, तो म्हणाला, कळतं की वो! वडिलांना विचारलं, ते म्हणाले, कळंल हळूहळू. पण काय कळतं, हे कुणीच सांगत नाही.”

आम्ही त्याला म्हटलं, बाबा रे, तू आमच्या पुढच्या व्याख्यानाचा विषय दिलास. कारण ‘कळतं की’ हे उत्तर सोलापुरात रोज हजारदा दिलं जातं. कडक भाकरीचं पीठ किती मळायचं? कळतं की. यंत्रमागावर धागा कुठे तुटणार? कळतं की. हे उत्तर टाळाटाळीचं आहे, की त्यात खरंच ज्ञान आहे? आणि असेल, तर ते सांगता का येत नाही? मोटारसायकल हे यासाठी चांगलं उदाहरण आहे, कारण इथे आपल्याला कळलं की नाही, हे गाडी लगेच सांगते.

आत काय चाललेलं असतं

आधी यंत्र समजून घेऊ. इंजिन एका मिनिटात किती फेरे फिरतं, ते टॅकोमीटर दाखवतो. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारसायकलींना तो नसतो. स्पीडोमीटर असतो, म्हणजे चाकाचा वेग कळतो. मग गिअर माहीत असेल, तर इंजिनाचे फेरे गणिताने काढता येतील का? येतील.

अठरा इंची चाकाचा घेर, टायर धरून, साधारण १.८७ मीटर असतो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे ६६७ मीटर, म्हणजे चाकाचे साधारण ३५६ फेरे. आता समजा वरच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन १२ वेळा फिरतं आणि पहिल्या गिअरमध्ये ३६ वेळा. गाडीगणिक हे आकडे बदलतात, पण हिशोबाला पुरे. मग ४० च्या वेगाला वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे सुमारे ४,३०० फेरे होतात. ते आरामात चालतं. तोच वेग पहिल्या गिअरमध्ये गाठायचा म्हटलं, तर सुमारे १२,८०० फेरे लागतील. शंभर सीसीचं साधं इंजिन तिथवर जाणारच नाही, त्याआधीच ते किंचाळू लागेल. उलट वरच्या गिअरमध्ये वेग १५ वर आला, तर फेरे उरतात जेमतेम १,६००. नुसती उभी राहून धडधडणारी गाडीसुद्धा मिनिटाला साधारण १,४०० फेरे घेते. म्हणजे आपण तिला जागच्या जागी उभं राहण्याच्या ताकदीवर दोन माणसं ओढायला लावतोय.

इंजिनाची ओढण्याची ताकद सगळ्या फेऱ्यांना सारखी नसते. फार हळू फिरलं तर सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण नीट भरत नाही. फार जोरात फिरलं तर श्वास घ्यायला वेळच मिळत नाही. या दोहोंच्या मध्ये एक पट्टा असतो, तिथे इंजिन खुशीत असतं. गाडीचा वेग बदलला तरी इंजिनाला त्या पट्ट्यात ठेवणं, एवढंच गिअरचं काम. त्या पट्ट्याबाहेर, कमी फेऱ्यांवर अॅक्सिलेटर पूर्ण पिळला, तर कनेक्टिंग रॉड, त्याची बेअरिंगं आणि चेन यांना दणके बसतात. म्हणून ‘वरचा गिअर म्हणजे पेट्रोलची बचत’ हे अर्धसत्य आहे. वाचलेलं पेट्रोल मग मेकॅनिककडे भरावं लागतं.

कानाला काय ऐकू येतं

हे गणित कुणी गाडीवर बसून करत नाही. मग गॅरेजवाल्याला कळतं ते कसं?

आपल्या लहान गाड्या एका सिलिंडरच्या, फोर-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. म्हणजे ४,३०० फेऱ्यांना सेकंदाला साधारण ३६ स्फोट, आणि १,६०० फेऱ्यांना साधारण १३. आता माणसाच्या कानाची एक गंमत बघा. सेकंदाला वीसच्या आसपास ठोके झाले की कान ते सुटे मोजणं सोडून देतो आणि त्याला एक सूर ऐकू येऊ लागतो. त्याच्या खाली आला की सूर मोडतो आणि ठोके वेगळे होतात. सेकंदाला वीस स्फोट म्हणजे किती फेरे? २,४००. म्हणजे ‘सूर मोडला, ठोके सुटे झाले’ ही खूण, शंभर सीसीच्या गाडीला खालचा गिअर पाडण्याची वेळ झाली आहे, हे बऱ्यापैकी अचूक सांगते. निसर्गाने आपल्या कानातच एक ढोबळ टॅकोमीटर बसवलाय म्हणा ना.

पण ही खूण सगळ्या गाड्यांना सारखी नाही. बुलेटचं इंजिन मोठं, त्याचं फ्लायव्हील जड. तिला सुट्या ठोक्यांतच चालायला आवडतं, आणि लोक तिच्यावर प्रेम करतात तेही त्या ठोक्यांसाठीच. राजदूत, जुनी येझदी, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांत प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांना दुप्पट स्फोट. आमच्या पिढीतल्या लोकांनी राजदूतवर हात बसवला आणि १९८५ नंतर हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० घेतली, तेव्हा पहिले काही दिवस ‘ही गाडी मेलेली वाटते’ अशी तक्रार असायची. गाडी मेलेली नव्हती, कान जुना होता. ज्ञान होतं, पण ते दुसऱ्या गाडीचं.

तीन खुणा

कान एकटा पुरत नाही. नीट चालवणाऱ्या माणसाकडे निदान तीन खुणा असतात.

पहिली आवाजाची. दुसरी थरथरीची: हँडल, फूटरेस्ट, टाकीला टेकलेले गुडघे यांतून येणारी. बारीक झिणझिण्या आल्या तर इंजिन फार जोरात फिरतंय. जाड आचके बसले तर फार हळू. तिसरी खूण सर्वात महत्त्वाची, आणि तिला आम्ही ‘प्रश्न विचारणं’ म्हणतो. अॅक्सिलेटर किंचित जास्त पिळायचा आणि गाडी काय उत्तर देते ते बघायचं. पिळल्यावर गाडी उचलली, तर गिअर बरोबर आहे. पिळल्यावर आवाज वाढला पण वेग फारसा वाढला नाही, तर वरचा गिअर टाका. आवाजही वाढला नाही, नुसते आचके बसले, तर खालचा पाडा.

त्या तरुणाला आम्ही एवढं सांगून परत पाठवू शकलो असतो. त्याचं काम झालंही असतं. पण आपला प्रश्न अजून शिल्लक आहे.

धूर आणि अग्नी

न्यायदर्शनातलं जुनं उदाहरण आपल्याला माहीत आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. धूर दिसतो, अग्नी दिसत नाही. जिथे धूर तिथे अग्नी, या कायमच्या संबंधाला व्याप्ती म्हणतात. आता इथे बघा. सुटे ठोके ऐकू येतात, इंजिनावरचं ओझं दिसत नाही. मग गिअर बदलणं हे अनुमानच झालं की!

कुणी म्हणेल, सर, पण चालवणारा असा विचार करत बसत नाही. बरोबर. इथे नैयायिकांनी केलेला एक भेद फार उपयोगी पडतो. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त तो सोप्या शब्दांत आलेला आहे. स्वतःसाठी केलेलं ते स्वार्थानुमान, दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेलं ते परार्थानुमान. पाच पायऱ्यांची मांडणी लागते ती दुसऱ्यासाठी. इंजिन ओझ्याखाली आहे, ही प्रतिज्ञा. कारण ठोके सुटे झालेत, हा हेतू. जिथे जिथे असे ठोके सुटतात तिथे इंजिन ओझ्याखाली असतं, जसं परवा पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये झालं होतं, हे उदाहरण. आताही तसंच होतंय, हा उपनय. म्हणून आता इंजिन ओझ्याखाली आहे, हे निगमन.

गॅरेजवाला ‘कळतं की’ म्हणतो तेव्हा तो स्वार्थानुमानाच्या जागेवरून बोलत असतो. शिकणाऱ्याला हवं असतं परार्थानुमान. दोघांत भांडण नाही. फक्त तज्ज्ञाने पाच पायऱ्या कधीच मागे टाकलेल्या असतात, आणि त्या पुन्हा उतरून खाली येण्याचे कष्ट तो घेत नाही. खरं सांगायचं तर आम्ही प्राध्यापकसुद्धा हे कष्ट पुष्कळदा घेतले नाहीत.

खूण फसवते तेव्हा

पण व्याप्ती पक्की नसेल, तर हेतू फसवतो. त्याला हेत्वाभास म्हणतात. समजा थरथर वाढली. लगेच गिअर चुकला असं समजायचं का? इंजिनाचा बोल्ट ढिला असू शकतो, चेन सैल असू शकते. कुणी सायलेन्सर बदलून फटफट आवाजाचा बसवला असेल, तर कानाची सगळी शिकवण वाया गेली. सर्वात फसवी खूण क्लचची. क्लचप्लेटा झिजल्या की पिळल्यावर इंजिन ओरडतं, गाडी मात्र उचलत नाही. नवशिक्याला वाटतं, वरचा गिअर टाकायची वेळ झाली. तो वरचा टाकतो आणि गाडी आणखी मरते. इथे ‘आवाज वाढला, वेग वाढला नाही’ ही खूण खरी होती, पण तिच्या मागे एक अट दडलेली होती: क्लच धड असला पाहिजे. अशी अट लपून राहिली की अनुमान बिघडतं. नैयायिक तिला उपाधी म्हणतात. त्यांचं उदाहरण याच्या उलट बाजूने आहे. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असं म्हणता येत नाही, कारण त्याला सरपण ओलं असावं लागतं.

म्हणून एकाच खुणेवर गिअर बदलू नये. कान, हात आणि गाडीचं उत्तर, तिन्ही जुळली तर बदला. न जुळली तर गाडी बाजूला घ्या आणि बघा.

मग मीटरच बसवला तर?

कुणी म्हणेल, हजार-दोन हजार खर्च करून मीटर बसवा, कटकट नको. बसवा, काही वाईट नाही. पण मीटरवर ५,००० दिसल्यावर काय करायचं? सपाट रस्त्यावर एकटे असाल तर वरचा टाका. मागे माणूस असेल, समोर चढ असेल, मे महिन्यात तोंडावर वारा असेल, तर थांबा. म्हणजे आकड्याला नियम लागतो आणि नियम कुठे लावायचा यालाही नियम लागतो. मग त्या नियमाला आणखी एक. याला आपल्याकडे अनवस्था म्हणतात, म्हणजे शेवट नसलेली साखळी.

नेमका हाच मुद्दा गिल्बर्ट राईल या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९४५ साली अॅरिस्टॉटेलियन सोसायटीपुढच्या व्याख्यानात मांडला, आणि पुढे १९४९ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या पुस्तकात विस्ताराने मांडला. त्याचं म्हणणं असं: प्रत्येक शहाण्या कृतीआधी मनात एखादा नियम वाचावा लागत असेल, तर तो नियम शहाणपणाने वाचण्याआधी आणखी एक वाचावा लागेल, आणि कृती कधी सुरूच होणार नाही. म्हणून ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक करता येणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००१ साली जेसन स्टॅन्ली आणि टिमोथी विल्यमसन यांनी याला जोरदार आक्षेप घेतला. त्यांच्या मते करता येणं हीसुद्धा एक प्रकारची माहितीच, फक्त ‘ही रीत आहे’ अशी, प्रत्यक्ष अनुभवातून पकडलेली. हा वाद आजही मिटलेला नाही. आम्हाला एवढंच वाटतं, की मोटारसायकलीवर दोन्ही पक्षांना थोडंथोडं द्यावं लागतं. गणित येणाऱ्याला गाडी येईलच असं नाही. पण गाडी येणाऱ्याला थोडं गणित कळलं, तर क्लच घसरतोय हे त्याला आठवडाभर आधी कळतं.

लक्ष कुठे ठेवायचं

मायकेल पोलानी हा मूळचा रसायनशास्त्रज्ञ, पुढे तत्त्वज्ञानाकडे वळला. १९५८ च्या ‘पर्सनल नॉलेज’मध्ये त्याने सायकलचं उदाहरण दिलंय. तोल सांभाळण्यामागचं गणित सायकलवाल्याला ठाऊक नसतं, आणि सांगितलं तरी त्याने सायकल येत नाही. पोलानीचा दुसरा मुद्दा जास्त कामाचा आहे. अंध माणूस काठीने रस्ता चाचपतो तेव्हा त्याचं लक्ष तळहातावरच्या दाबाकडे नसतं, तर काठीच्या टोकाला काय लागलं त्याकडे असतं. दाब जाणवतो, पण त्याच्यातून पलीकडे बघितलं जातं.

शिकणाऱ्याला म्हणूनच सुरुवातीला त्रास होतो. तो आवाजाकडे बघत बसतो आणि समोरची रिक्षा दिसत नाही. यावर उपाय साधा आहे. पहाटे मोकळ्या रस्त्यावर एकच गोष्ट आठवडाभर करा: एकाच चढावर मुद्दाम आधी वेळेवर, मग थोडा उशिरा खालचा गिअर पाडून बघा. बरोबर काय ते कळायला चूक कशी लागते, हे अंगाला माहीत व्हावं लागतं. मग आवाज मागे जातो आणि रस्ता पुढे येतो. वडील म्हणाले ते ‘कळंल हळूहळू’ यातला ‘हळूहळू’ हाच.

घाट

आपलं सोलापूर सपाटीवरचं. त्यामुळे आपल्या मुलांना गिअरची खरी परीक्षा भेटते ती तुळजापूरला जाताना. चाळीसेक किलोमीटर सरळ रस्ता आणि मग घाट. तिथे दोन चुका होतात.

चढताना गिअर उशिरा पाडणं, ही पहिली. चढावर वेग गेला की क्लच दाबल्याच्या क्षणी उरलेलाही जातो. डबलसीट गाडी थबकते आणि मागून ट्रक येत असतो. म्हणून गिअर चढ लागायच्या आधी पाडावा. इथे खूण कानाची नसते, डोळ्याची असते.

दुसरी चूक जास्त घातक: पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून घाट उतरणं. हिशोब बघा. गाडी आणि दोन माणसं मिळून समजा २४० किलो, उतार समजा दीडशे मीटरचा. खाली येताना जी ऊर्जा सोडावी लागते, ती साधारण एक लिटर पाणी उकळीला आणेल इतकी असते. गिअरमध्ये असाल तर तिचा मोठा वाटा इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये वाऱ्याने खाल्लेला भाग सोडला, तर बाकी सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ड्रम तापला की ब्रेक धरत नाही. ज्या गिअरमध्ये चढला असता साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम यासाठी आहे. ‘कळतं की’वर सोडू नये, तोंडाने सांगावंच, अशी ही गोष्ट आहे. ती कळेपर्यंत हळूहळू थांबायला वेळ नसतो.

न ऐकू आलेलं

शेवटी आमच्याविषयी थोडं सांगावं लागेल, कारण मुद्दा तिथेच पूर्ण होतो. मागच्या वर्षी विजापूर रस्त्यावर सिग्नलला एक मुलगा शेजारी थांबला आणि म्हणाला, “आजोबा, वरचा गिअर टाका की वो, गाडी बोंबलायलीय!” आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये पन्नासने आलो होतो आणि आम्हाला काही वावगं वाटलं नव्हतं. कान उतरलाय, हे तेव्हा लक्षात आलं. मग आम्ही पुन्हा नवशिके झालो. फूटरेस्टची थरथर, अॅक्सिलेटरचा प्रश्न, या खुणांवर हात बसवला. महिनाभरात जमलंही. घरी मोठ्या अभिमानाने सांगितलं. सौभाग्यवती म्हणाल्या, “गिअरचं ठीक आहे. पण तुम्हाला हॉर्न ऐकू आला नाही, हे तुम्हाला कसं कळणार?”

चाळीस वर्षं आम्ही अनुपलब्धी शिकवली. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही, असं कळतं. पण भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी त्याला एक अट घातली: घडा असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. उतरलेल्या कानाला मागे शांतता वाटते, ती तशीच अंधारातली. गिअरची खूण हातापायांनी भरून काढता येते, कारण गाडी आपल्या अंगाला लागलेली असते. मागून येणारा ट्रक अंगाला लागलेला नसतो. तिथे स्वतःचं ‘कळतं की’ चालत नाही, दुसऱ्याचा शब्द ऐकावा लागतो. आणि तो सांगणारा जवळचा, विश्वासाचा असेल, तर शास्त्रानेही शब्दाला प्रमाण मानलेलं आहे.

आम्ही आता पेठेत भाजीला तेवढी गाडी नेतो. तुळजापूरला एसटीने जातो.

इथे थांबतो. तो तरुण आज आला असेल, तर त्याने मागे एक माणूस बसवून घाट चढताना आपल्याला काय कळलं, ते पुढच्या वेळी येऊन सांगावं. नुसतं ‘कळलं सर’ म्हणू नये, पाचही पायऱ्या सांगाव्यात.